अल्सरेटिव्ह कोलायटिस: निदान नीट करून घ्यायची आणि आजार आटोक्यात ठेवायची पद्धत

शौचाला रक्त दिसलं की बहुतेक जण आधी मूळव्याधीचं मलम आणतात. महिना-दोन महिने त्यात जातात. मग आव समजून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, रक्त थोडं कमी होतं, पुन्हा सुरू होतं, दुसरा कोर्स होतो. निदान होईपर्यंत हा फेरा अनेकांनी केलेला असतो. निदानानंतरची चूक मात्र याहून महागात पडते: रक्त थांबलं की औषध बंद. मला हा आजार होऊन १४ वर्षं झाली आणि या दोन्ही चुका मी केल्या आहेत. म्हणून इथे क्रम सांगतो आहे: कशाच्या आधी काय करायचं आणि कुठे थांबून खात्री करून घ्यायची. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. मी आकडे देतो आहे ते त्यांचं बोलणं तुम्हाला नीट कळावं म्हणून.

पुढचं समजायला एवढं पुरे: या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये जागा न सोडता वर चढत जाते. कुणाची गुदाशयापुरतीच राहते, कुणाची डाव्या बाजूपर्यंत जाते, कुणाचं अख्खं मोठं आतडं सुजतं.

## टप्पा १: डॉक्टरांकडे जाण्याआधी नोंद करा

"पोट बिघडलंय, रक्त पडतंय" एवढंच सांगितलं तर समोरच्याला अंदाज बांधावा लागतो. आठवडाभर रोज लिहा: २४ तासांत किती वेळा शौचाला गेलात, त्यातलं रात्री झोपेतून उठून किती वेळा, कितीदा रक्त होतं, आव होती का, ताप, वजन. गेल्या तीन महिन्यांत घेतलेली सगळी औषधंही लिहा. वेदनाशामक गोळ्या आणि अँटिबायोटिक हमखास राहून जातात आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. सांधे दुखणं, डोळे लाल होणं, पायावर दुखऱ्या लाल गाठी येणं यांचा पोटाशी काय संबंध असं वाटेल, पण संबंध असू शकतो. तेही टिपा.

रक्त कसं पडतं ते नीट बघा. मूळव्याधीत ते सहसा शौचानंतर लालभडक थेंबांनी पडतं आणि मळ नेहमीसारखाच असतो. कोलायटिसमध्ये रक्त आवेत आणि मळात मिसळलेलं असतं. घाईघाईने जावं, कळ काढत बसावं आणि चमचाभर रक्त-आवेशिवाय काहीच पडू नये, उठल्यावर पुन्हा जावंसं वाटावं, हे या आजाराचं ओळखीचं लक्षण. रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई नुसत्या 'संवेदनशील पोटा'ची नसते.

इथे फसगत होते: सूज गुदाशयापुरती असेल तर जुलाब होतीलच असं नाही. उलट बद्धकोष्ठता असू शकते, मळ कडक असतो आणि त्यावर रक्त दिसतं. मूळव्याध समजून सर्वांत जास्त वेळ याच लोकांचा वाया जातो.

नोंदवहीत वेळ घालवू नका: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचं शौच आणि सोबत ताप, नाडी मिनिटाला ९०च्या वर, चक्कर, फुगलेलं किंवा हात लावू न देणारं पोट, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

## टप्पा २: जंतुसंसर्ग आधी बाजूला काढा

जिवाणूंची हगवण, अमीबा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (आतड्यात विष सोडणारा एक जिवाणू) हे तिन्ही हुबेहूब कोलायटिससारखे दिसू शकतात. त्यामुळे मळाचं कल्चर (जंतू वाढवून बघायची चाचणी), सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या विषाची चाचणी आधी व्हायला हवी. निदान ठरलेल्या रुग्णाचा आजार पुन्हा भडकला तरी हा टप्पा टाळायचा नाही, कारण भडक्याच्या आड संसर्ग लपलेला असू शकतो.

क्रम चुकतो तो इथे. आधी अँटिबायोटिक घेतलं आणि नंतर नमुना दिला तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि अहवाल 'नॉर्मल' येतो. नमुना आधी द्या, औषध नंतर. अमीबासाठीचा नमुना ताजा लागतो, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचेल असा. घरून सकाळी नेलेल्या आणि दुपारी तपासलेल्या नमुन्यात जिवंत अमीबा सापडणं कठीण. नमुन्यात लघवी मिसळू देऊ नका.

ज्या भागात क्षयरोग जास्त आहे तिथे आतड्याचा क्षयरोगही डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असतो. क्षयरोग किंवा अमीबा असताना चुकून स्टिरॉइड सुरू झालं तर संसर्ग पसरतो. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर या तपासण्यांसाठी ते खर्च झालेले बरे.

## टप्पा ३: रक्ताच्या तपासण्या आणि कॅलप्रोटेक्टिन

रक्तात हिमोग्लोबिन, लोह, सीआरपी आणि ईएसआर (हे दोन्ही सूज दाखवतात), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या होतात. सीआरपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात सूज अस्तरापुरती असते, त्यामुळे ते पुष्कळांचं नॉर्मलच राहतं.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज असली की ते मळात उतरतं. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, २५०च्या वर असेल तर बहुधा सूज आहे. मधल्या आकड्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नये, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. संसर्गात आणि वेदनाशामक गोळ्यांनीही हा आकडा वाढतो. म्हणजे यावरून सूज कळते, सुजेचं कारण कळत नाही.

तपासून घ्या: नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा द्या आणि दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्या. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

## टप्पा ४: कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सी

दुर्बिणीने बघून आणि अस्तराचे तुकडे तपासून जे ठरतं ते खरं निदान. नुसत्या सोनोग्राफीवर किंवा रक्ताच्या अहवालावर वर्षानुवर्षांचे उपचार सुरू होऊ देऊ नका.

तयारीतल्या चुका ठरलेल्या. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो आणि आतडं स्वच्छ होत नाही. पोट साफ करायचं औषध दोन भागांत घेतात, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या काही तास आधी. दुसरा भाग नकोसा होतो आणि तोच सोडला जातो. शेवटी बाहेर येणारं पाणी फिकट पिवळं आणि आरपार दिसेल असं हवं. गढूळ असेल तर तपासणीआधीच तसं सांगा.

डॉक्टरांना दोन गोष्टी आधीच विचारा: लहान आतड्याचं शेवटचं टोक बघणार का, आणि बायॉप्सी किती जागांवरून घेणार? पहिल्या निदानाच्या वेळी गुदाशय आणि लहान आतड्याचं टोक धरून किमान पाच ठिकाणांहून, प्रत्येकी दोन तुकडे घ्यावेत असा संकेत आहे. नॉर्मल दिसणाऱ्या भागातलेही घ्यावेत. क्रोन्स आजार (आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार) वेगळा काढायचा तर याचीच मदत होते.

सावधान: आजार फार तीव्र असेल तर पूर्ण कोलोनोस्कोपी आणि पोट साफ करण्याचं औषध दोन्ही धोक्याचं, आतडं फाटू शकतं. तेव्हा तयारी न करता फक्त खालचा भाग बघतात.

## टप्पा ५: अहवालातून दोन उत्तरं काढा

फाइलमध्ये कागदांचा गठ्ठा असतो, पण पुढचे उपचार दोन प्रश्नांवर ठरतात. सूज कुठपर्यंत आहे? आणि किती आहे? पहिल्याचं उत्तर गुदाशय, डावी बाजू किंवा त्याहून वर असं असतं. दुसऱ्यासाठी दुर्बिणीच्या अहवालात बहुधा मेयो स्कोअर दिलेला असतो, ० ते ३. शून्य म्हणजे अस्तर नॉर्मल, तीन म्हणजे जखमा आणि आपोआप रक्त येणं. ही दोन उत्तरं तुम्हाला तोंडपाठ हवीत. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर बसायची वेळ आली तर तीच कामी येतात.

## टप्पा ६: मेसालामिन, आणि ते योग्य जागी पोचवणं

सौम्य ते मध्यम आजारात पहिलं औषध मेसालामिन, आतड्याच्या अस्तराची सूज उतरवणारं. तोंडाने दिवसाला २ ते ४.८ ग्रॅम देतात. एकदम घेतलं किंवा विभागून घेतलं तरी परिणामात फरक पडत नाही, मग एकदाच घ्या म्हणजे विसरणार नाही. सूज गुदाशयापुरती असेल तर पहिली निवड १ ग्रॅमची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून घालायची औषधाची वडी. डाव्या बाजूपर्यंत असेल तर एनिमा (गुदद्वारातून सोडायचं पातळ औषध) आणि गोळी दोन्ही. यापैकी एकट्या कशापेक्षाही जोडी चांगलं काम करते.

आणि नेमकं इथेच लोक मागे सरतात. "गोळी चालेल, खालून नको." संकोच मला पूर्ण कळतो. पण सर्वांत जास्त सूज असते तिथे गोळीचं औषध कमीत कमी पोचतं, हे ध्यानात घ्या. मी पहिले तीन आठवडे शौचालयात उकिडवं बसून एनिमा घेत होतो. उठून पलंगापर्यंत जाईतो निम्मं औषध बाहेर आलेलं असायचं आणि मी डॉक्टरांना सांगत होतो, औषध लागू पडत नाही. एका नर्सने पाच मिनिटं बसून रीत समजावली. ती अशी:

१. झोपायच्या वेळी घ्या. आधी शौचाला आणि लघवीला जाऊन या.
२. बाटली थोडा वेळ हातात धरून अंगाइतकी कोमट करा आणि चांगली हलवा. गार औषधाने आतडं लगेच आकुंचन पावतं.
३. पलंगावर जुना टॉवेल घाला. डाग पडतात आणि ते जात नाहीत.
४. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी.
५. नळीच्या टोकाला थोडं वंगण लावा, टोक बेंबीच्या दिशेने ठेवून हळू आत सरकवा आणि बाटली सावकाश दाबा. घाई केली की कळ येते.
६. बाटली दाबलेलीच ठेवून नळी बाहेर काढा, नाहीतर औषध परत बाटलीत ओढलं जातं.
७. निदान अर्धा तास तसेच पडून राहा. रात्रभर राहिलं तर उत्तम.

पहिले काही दिवस औषध टिकणार नाही, कारण सुजलेला गुदाशय काहीच धरून ठेवत नाही. सूज उतरली की टिकायला लागतं. अगदीच जमेना तर फोम किंवा सपोझिटरीबद्दल विचारा. सपोझिटरी पाण्यात ओली करून घातली तर टोचत नाही.

तपासून घ्या: दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला लागलं का? नसेल तर महिनाभर वाट बघत बसू नका, कळवा. औषध सुरू केल्यावर जुलाब आणि ताप उलट वाढले तर तेही लगेच कळवा, थोड्या लोकांना मेसालामिनच सोसत नाही. मूत्रपिंडासाठी क्रिअ‍ॅटिनिन सुरुवातीला आणि मग वर्षातून एकदा तरी बघायचं असतं. सल्फासॅलझिन (याच गटातलं जुनं औषध) घेत असाल तर सोबत फॉलिक ॲसिड लागतं, आणि पुरुषांमध्ये त्याने शुक्राणू कमी होतात. औषध बदललं की ते पूर्ववत होतात.

## टप्पा ७: स्टिरॉइड, ठरावीक मुदतीपुरतंच

मेसालामिन पुरलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, बहुधा ४० मिलिग्रॅमपासून, आणि दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत आठेक आठवड्यांत बंद करतात. चार-पाच दिवसांत माणूस ताजातवाना होतो, भूक लागते, रक्त थांबतं, आणि म्हणूनच हे औषध फसवं आहे. ते आग विझवतं, पण आजार शांत ठेवत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर स्टिरॉइड आणणारे मला दर काही महिन्यांनी भेटतात. रक्तातली साखर, हाडं, डोळे यांची किंमत त्यांनी पुढे मोजलेली मी पाहिली आहे. कृपा करून हे करू नका.

स्टिरॉइड एकदम थांबवू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं तोवर मंदावलेलं असतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत द्यायचं का ते विचारा. पहिल्याच दिवशी कागदावर उतरता तक्ता लिहून घ्या, तारखांसकट.

तपासून घ्या: तीन महिन्यांत डोस १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार परततो? याला स्टिरॉइडवर अवलंबून असणं म्हणतात. तिसरा कोर्स मागू नका, पुढच्या औषधाची चर्चा मागा.

## टप्पा ८: पुढची औषधं, आणि त्यांच्याआधीची तयारी

प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅबसारखी बायोलॉजिक औषधं (इंजेक्शनने द्यायची प्रतिपिंडं), टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या, यांतून निवड तुमचं वय, आजाराची तीव्रता, इतर आजार आणि मूल हवं आहे का यावर ठरते. निवड डॉक्टरांची, पण तयारीची यादी तुम्हीच धरून ठेवा, कारण ती घाईत सुटते.

लपलेला क्षयरोग आणि कावीळ ब यांच्या तपासण्या आधी. राहिलेल्या लसी आधी. जिवंत विषाणूंच्या लसी तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झाल्यावर घेताच येत नाहीत. अझाथायोप्रिनआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या चाचण्यांबद्दल विचारा. काहींच्या शरीरात हे औषध नीट मोडलं जात नाही आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. सुरू केल्यावरही रक्ताची मोजणी नियमित. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, "महिना झाला, काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

## टप्पा ९: शांत काळ

खरी काळजी इथे घ्यायची असते. लक्षणं जातात त्यानंतरही अस्तर भरायला वेळ लागतो. पहिल्या वेळी मी पाच महिन्यांनी गोळ्या सोडल्या. दोन महिने काहीच झालं नाही, माझी खात्री पटली. तिसऱ्या महिन्यात रुग्णालयात होतो, सूज गुदाशयावरून डाव्या बाजूपर्यंत चढलेली.

लक्ष्य तीन पायऱ्यांत ठेवा: आधी लक्षणं जाणं, मग सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन उतरणं, मग दुर्बिणीत अस्तर भरलेलं दिसणं. उपचार सुरू केल्यापासून सहा ते बारा महिन्यांत पुन्हा दुर्बिणीने बघणं त्यासाठीच असतं. पुढे काही त्रास नसतानाही सहा ते बारा महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन करा. ते १५०च्या वर गेलं तर रक्त दिसण्याआधीच हालचाल करता येते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा, पॅरासिटामॉल चालतं. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी आजाराचं नाव आधी सांगा.

खाण्याबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं आणि उत्तर निराश करणारं आहे: हा आजार बरा करणारा आहार नाही. भडक्यात कच्चं, सालीचं, बियांचं कमी केल्याने कळा कमी होतात, तेवढ्यापुरतं करा. शांत काळातही एकेक पदार्थ सोडत गेलेले लोक आजाराने नाही, तर कुपोषणाने खंगतात. अशक्तपणा राहिला तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. सूज असताना लोहाची गोळी नीट शोषली जात नाही, शिरेतून द्यावं लागू शकतं.

गर्भधारणा आजार शांत असताना व्हावी असं बघा. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून सगळी औषधं बंद करू नका. मेसालामिन सुरू ठेवता येतं, आणि आईचा भडकलेला आजार बाळाला जास्त घातक असतो. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या मात्र गर्भधारणेत चालत नाहीत, म्हणून बोलणं आधीच व्हायला हवं.

## टप्पा १०: पुन्हा भडकला तर

चांगल्या दिवसांतच डॉक्टरांकडून लिहून घ्या: कोणत्या लक्षणाला कोणतं औषध किती वाढवायचं आणि कोणत्या आकड्याला थेट रुग्णालयात यायचं. मग भडका आला की क्रम तोच: मळाची तपासणी, कॅलप्रोटेक्टिन, खालून घ्यायचं औषध सुरू, डॉक्टरांना फोन. औषध चुकत होतं का, हे स्वतःला खरं विचारा आणि त्यांनाही खरं सांगा.

सावधान: तीव्र भडक्यात जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी घेऊ नका. मोठं आतडं फुगून लुळं पडू शकतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

रुग्णालयात शिरेतून स्टिरॉइड देतात आणि साधारण तिसऱ्या दिवशी हिशोब मांडतात. तोवर उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध), आणि सर्जनही याच दिवशी भेटायला हवेत. ते आले म्हणजे सगळं संपलं असं नातेवाइकांना वाटतं. तसं नाही. योग्य वेळी मोठं आतडं काढणं हा उपचारच आहे, उशीर झाल्यावर तेच ऑपरेशन जास्त धोक्याचं होतं. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून शौचातून रक्त जात असतानाही गुठळ्या रोखणारं हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. ते बघून गोंधळू नका, नाकारू नका.

## टप्पा ११: कर्करोगासाठीची पाळत

सूज गुदाशयाच्या वर गेलेली असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी पाळतीची कोलोनोस्कोपी सुरू होते. पुढे धोक्यानुसार १ ते ५ वर्षांनी एकदा. पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (त्या सुजून अरुंद होण्याचा आजार) सोबत असेल तर निदान झाल्याबरोबर, आणि मग दरवर्षी. आजार शांत असताना ती करावी, सुजेत संशयास्पद बदल ओळखू येत नाहीत.

टप्पा १ मधली वही इथे पुन्हा लागते. रक्त पहिल्यांदा दिसलं तो महिना आणि वर्ष फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मूळव्याध समजून घालवलेले महिनेही त्यात धरा, कारण ही ८ वर्षं त्या तारखेपासून मोजायची असतात, निदानाच्या तारखेपासून नाही.